चकतीचा आकडा आणि आपला हात

वस्तू कितीही उत्तम असली, तरी ती आपल्या हाताला जुळते की नाही हा प्रश्न निराळाच असतो. हा धडा आम्हा चौघा मित्रांना एका प्लॅस्टिकच्या चकतीने दिला, आणि तोही आमच्याच पैशाने. त्या चकतीमागचे शास्त्र वाचकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

खेळाचे नाव डिस्क गोल्फ. गोल्फमध्ये चेंडू खळग्यात घालवायचा असतो, तर येथे चकती फेकत फेकत ठराविक लक्ष्यापर्यंत न्यायची असते. ज्याला सर्वांत कमी फेका लागतील, तो जिंकला. अमेरिकेत फ्रिस्बी हे नाव १९५७ पासून रूढ झाले. त्याच धंद्यातील एड हेड्रिक यांच्या खटपटीने १९७५ साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात या खेळाचे पहिले कायमचे मैदान उभे राहिले. तेथे आरंभी खांब हेच लक्ष्य होते. पुढे हेड्रिक यांनी साखळ्या लावलेली टोपली तयार केली आणि १९७७ साली तिचे पेटंट मिळवले. १९८३ साली डेव्ह ड्युनिपेस यांनी निमुळत्या कडेची चकती आणली, आणि तेव्हापासून या खेळाच्या चकत्या फ्रिस्बीपासून वेगळ्या झाल्या.

आमच्याकडे टोपली नव्हती. टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या जागेत एक झाड हेच आमचे लक्ष्य. चौघांनी वर्गणी काढली आणि वाणिज्यचा विद्यार्थी म्हणून हिशेब व खरेदी माझ्याकडे आली. मी सरळ मोठ्यात मोठा आकडा पाहिला आणि १२ गतीची चकती मागवली. आकडा मोठा, म्हणजे चकती लांब जाणार! प्रत्यक्षात ती तीस-चाळीस पावलांवर डावीकडे मुरडून झाडीत शिरे. आठवडाभर आम्ही खेळण्यापेक्षा शोधण्यातच वेळ घालवला. ‘हाच का तुझा कॉमर्स?’ असे मित्रांनी विचारले, त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

उत्तर चकतीवरच लिहिलेले होते. इनोव्हा या कंपनीच्या पद्धतीनुसार चकतीला चार आकडे असतात, आणि इतरही अनेक कंपन्यांनी ही पद्धत उचलली आहे. पहिला आकडा गतीचा, दुसरा हवेत तरंगण्याचा, तिसरा वेगात असतानाच्या वळणाचा आणि चौथा वेग ओसरल्यावरच्या मुरडीचा. गतीचा आकडा म्हणजे चकती किती वेगाने जाईल याची हमी, असे मी समजलो होतो. खरे पाहता ती आपल्याकडे केलेली मागणी आहे. इतक्या वेगाने फेकाल, तरच पुढचे आकडे खरे ठरतील, असा तिचा अर्थ.

आता हे वळण कोठून येते ते पाहू. उजव्या हाताने छातीसमोरून, म्हणजे बॅकहँड, फेकलेली चकती वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. ती वेगात असते तेव्हा हवेचा उचल देणारा जोर तिच्या मध्याच्या किंचित मागे पडतो आणि पुढची कड खाली दाबू पाहतो. वेग ओसरला की तोच जोर मध्याच्या पुढे सरकतो आणि पुढची कड वर उचलू पाहतो. परंतु फिरता भोवरा ढकलला तर तो ढकललेल्या दिशेने न कलता आडव्या दिशेने कलतो, हे आपण लहानपणी पाहिलेलेच आहे. चकतीचेही तसेच होते. पुढून दाबली गेली की ती उजवीकडे कलते; पुढून उचलली गेली की डावीकडे. डावखुऱ्यांनी येथे उजवे-डावे उलटून वाचावे.

वेगात असताना जी चकती सहज उजवीकडे कलते, तिला अंडरस्टेबल म्हणतात. आपण तिला ‘अल्पस्थिर’ म्हणू. नाव ऐकून हा दोष वाटतो, पण नवशिक्याला हाच गुण तारतो. त्याच्या हातात वेग कमी, त्यामुळे चकतीचा कल डावीकडे पडण्याकडे. अल्पस्थिर चकती उजवीकडे झुकू पाहते, दोहोंची वजाबाकी होते आणि चकती बरीचशी सरळ जाते.

निवड करताना लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरऐवजी मधल्या पल्ल्याचा, म्हणजे फेअरवे ड्रायव्हर घ्यावा. गती ६ किंवा ७, वळण उणे २ च्या आसपास आणि मुरड १ असावी. इनोव्हाच्या ‘लेपर्ड’चे आकडे ६, ५, उणे २, १ असे आहेत. त्याच कंपनीच्या ‘टीबर्ड’चे ७, ५, ०, २. दोन्ही फेअरवे ड्रायव्हरच, पण टीबर्ड उजवीकडे वळत नाही आणि शेवटी डावीकडे जास्त जाते. वजनही पाहावे. नियमाप्रमाणे व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे, म्हणून २१.२ सेंटिमीटरची चकती सुमारे १७६ ग्रॅमपर्यंत भरते. नवशिक्याने १६० ग्रॅमच्या आसपासची घ्यावी. हलकी चकती कमी जोरातही वेग घेते.

फेकताना आरंभी धावू नये. उजवा खांदा लक्ष्याकडे करून उभे राहावे, चकती छातीजवळून सरळ रेषेत ओढावी आणि शेवटी मनगटाने भरपूर फिरकी द्यावी. पुढची कड वर उचलली जाऊ देऊ नये. ती उचलली की चकती वर चढते, थबकते आणि डावीकडे कोसळते. चहाने भरलेले कप असलेला ट्रे जसा सपाट धरतो, तसा तिचा तोल ठेवावा. हातात जोर आला की हीच चकती उजवीकडे फार वळू लागते. तेव्हा अंगापासून दूरची कड थोडी खाली करून सोडावी. चकती तिरपी निघते, वाटेत आपोआप सपाट होते आणि लांबवर सरळ जाते.

वाऱ्याचे भान मात्र हवे. समोरच्या वाऱ्यात चकतीला हवेचा वेग जास्त लागतो, म्हणून ती आणखी उजवीकडे उलटते. पावसाळ्यात बेळगावला पश्चिमेचा वारा सुटला की तिकडे तोंड करून आम्ही ही चकती काढतच नाही. शिवाय वापराने झिजून प्रत्येक चकती अधिक अल्पस्थिर होत जाते, हेही ध्यानात ठेवावे.

दुसऱ्यांदा वर्गणी काढताना मित्रांनी खळखळ केली, पण काढली. ६ गतीची चकती आली आणि तिसऱ्याच फेकीला ती पूर्वीच्या दुप्पट अंतरावर, झाडाच्या बुंध्याशी जाऊन पडली. पहिली अजून माझ्या खोलीत आहे. तिच्यात खोट काहीच नाही. आमचे हात तिच्या मागणीइतके तयार झाले, की तिलाही बाहेर काढू. तोवर वर्गणीच्या वहीत ती मी तोट्यात न दाखवता शिल्लक मालात दाखवली आहे. मित्रांनी अद्याप हरकत घेतलेली नाही.