जिभेखालची गोळी आणि लपवलेली गोळी

छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची छोटी गोळी, सॉर्बिट्रेट, आता वस्तीतल्या पुष्कळ घरांत असते. कुणाच्या उशाखाली, कुणाच्या पदराच्या गाठीला. ती देण्याआधी विचारायचा एक प्रश्न आज सांगते. प्रश्न लाजेचा आहे, तरी विचारायचाच. गेल्या दोन दिवसांत ‘ताकदीची’ गोळी घेतली होती का?

मी वॉर्डात नोकरीला होते तेव्हाची गोष्ट. पन्नाशीच्या एका माणसाला छातीत दुखतंय म्हणून आणलं. बायकोनं घरी एक सॉर्बिट्रेट दिली होती, वाटेत आणखी एक. पोचला तेव्हा अंग थंडगार, घामानं भिजलेलं, बी.पी. लागत नव्हतं. मोठा झटका समजून आमची धावपळ चाललेली. सोबत आलेल्या मित्रानं मला व्हरांड्यात बोलावलं आणि हळूच म्हणाला, “सिस्टर, वहिनींना कळू देऊ नका, पण काल रात्री त्यानं मेडिकलवरून आणून ती गोळी खाल्ली होती.” मी तशीच डॉक्टरांकडे पळाले. जिभेखालची गोळी बंद केली, पाय वर केले, सलाईन जोरात सोडलं. माणूस वाचला.

दोन्ही गोळ्या चांगल्याच. मग एकत्र आल्या की असं का होतं?

आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे. बाहेरून आलेला निरोप, म्हणजे एखादं हार्मोन, बहुतेक वेळा पेशीच्या आत शिरत नाही. ते दारावर थाप मारतं. मग आतल्या आत एक छोटं रसायन तयार होतं आणि तेच पुढे काम करवून घेतं. हा आतला निरोप अमेरिकेतले शास्त्रज्ञ अर्ल सदरलँड यांनी शोधून काढला. त्यासाठी त्यांना 1971 साली नोबेल मिळालं. पण पाटीवर लिहिलेला निरोप पुसायलाही कुणी तरी हवं, नाही तर पेशी तेच काम करत बसेल. पुसायचं काम करणाऱ्या एन्झाइमांना फॉस्फोडायएस्टरेज म्हणतात. नाव जड आहे, आपण ‘पुसणारा’ म्हणू. हे पुसणारे एका प्रकारचे नाहीत. त्यांची अकरा घराणी आहेत. कुणी हृदयात जास्त, कुणी फुप्फुसात, कुणी रक्तवाहिन्यांत.

रक्तवाहिनीला ‘सैल हो’ असा निरोप असतो. सॉर्बिट्रेट तो निरोप पाटीवर भराभर लिहिते, म्हणून वाहिन्या रुंदावतात आणि कळ थांबते. ताकदीच्या गोळीतलं औषध, सिल्डेनाफिल, पाचव्या घराण्याच्या पुसणाऱ्याचा हात धरून ठेवतं. म्हणजे एक लिहितेय आणि दुसरी पुसू देत नाही. सगळ्या अंगातल्या वाहिन्या एकदम सैल पडतात, बी.पी. कोसळतं, हृदयाला आणि मेंदूला रक्त पुरत नाही. सिल्डेनाफिल घेतल्यावर किमान 24 तास आणि टाडालाफिल घेतल्यावर 48 तास सॉर्बिट्रेट चालत नाही. गंमत अशी, की एका अमेरिकन कंपनीच्या इंग्लंडमधल्या प्रयोगशाळेनं सिल्डेनाफिल मुळात छातीच्या कळेसाठीच तपासायला घेतलं होतं. तिथे ते फारसं चाललं नाही, पण त्याचा दुसराच गुण दिसला आणि 1998 मध्ये ते त्या कामासाठी बाजारात आलं.

आता खरी अडचण. शुगर आणि बी.पी.मुळे रक्तवाहिन्या खराब होतात तेव्हा पुरुषाची ती तक्रारही सुरू होते. कधी कधी हृदयाचा त्रास दिसायच्या काही वर्षं आधीच. म्हणजे ज्याला ही गोळी घ्यावीशी वाटते, त्याच्याच घरात उद्या सॉर्बिट्रेट असण्याची शक्यता जास्त. यात चारित्र्याचा काही प्रश्न नाही, हा रक्तवाहिन्यांचा आजार आहे. डॉक्टरांना नीट सांगितलं तर शुगर, बी.पी., हृदय तपासता येतं. ही गोळी चिठ्ठीशिवाय विकायला कायद्यानं बंदी आहे, तरी मिळते. बाजारात ‘जडीबुटी’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांतही हेच औषध मिसळलेलं तपासण्यांत अनेकदा सापडलंय. “मी तर आयुर्वेदिक घेतलं” म्हणणाऱ्यालाही प्रश्न तोच विचारा.

एका आईनं मात्र उलटंच केलं. बाळाच्या चिठ्ठीवर सिल्डेनाफिल हे नाव बघून कुणी तरी हसलं, म्हणून तिनं औषधच बंद केलं. बायांनो, फुप्फुसातल्या वाहिन्यांचा दाब वाढला की हेच औषध बाळांना आणि बायकांनाही देतात, कारण तो पुसणारा फुप्फुसातही आहे. डॉक्टरांनी लिहिलं असेल तर हसणाऱ्यांकडे बघू नका, आपल्या मनानं बंद करू नका.

याच जातीचं जुनं औषध म्हणजे दम्याची डेरिफायलीन. तिच्यातलं थिओफायलीन चहाच्या पानात पहिल्यांदा सापडलं, 1888 साली. ते सगळ्याच पुसणाऱ्यांना थोडं थोडं अडवतं, म्हणून श्वासनळी सैल होते, पण छातीत धडधड होते, मळमळतं, जास्त झालं तर झटकेही येतात. शेजारणीची गोळी “मलाही दम लागतोय” म्हणून घेऊ नका. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं जुलाबावरचं औषध सोबत घेतलं तर रक्तातलं तिचं प्रमाण वाढतं. बिडी सोडली तरी वाढतं. बिडी सोडाच, पण डॉक्टरांना कळवून. रोजच्या दम्याला पंप जास्त बरा; त्याची सवय लागते हा गैरसमज आहे.

विदर्भातल्या आपल्या नातेवाइकांत सिकलसेल बराच आहे. सिकलसेलच्या रुग्णांवर अमेरिका-इंग्लंडमध्ये सिल्डेनाफिलची चाचणी चालू होती. गोळी घेणाऱ्यांना दुखण्याचे झटके जास्त येऊ लागले, म्हणून 2009 मध्ये ती मध्येच थांबवली. घरात सिकलसेल असेल तर ही गोळी आपल्या मनानं मुळीच नको.

छातीत दुखलं तर 108 ला फोन करा. त्या दोन दिवसांत ताकदीची गोळी किंवा पुडी घेतलेली असेल, किंवा शंका असेल, तर जिभेखालची गोळी घरी देऊ नका. झरीच्या आरोग्य केंद्रात न्या नाही तर परभणीला, पहिल्या भेटणाऱ्या सिस्टरला ते सांगा. नवरा बायकोसमोर बोलत नसेल तर बायकोनं दोन मिनिटं बाहेर थांबावं. आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा, खिशातल्यासुद्धा, एका पिशवीत घालून सोबत घ्या.