तबकडीचा वेग आणि खाँसाहेबांचा षड्ज

सातारच्या एका वाचकाने पत्राने विचारले आहे की, अब्दुल करीम खाँसाहेबांची एक फार जुनी तबकडी यंत्रावर लावली असता त्यांचा आवाज, मुळात बारीक हे मान्य करूनही, पोरसवदा का भासतो. आणि हा दोष तबकडीचा, यंत्राचा की ऐकणाऱ्याच्या कानाचा?

दोष वेगाचा आहे. तबकडीच्या खाचेत स्वर नसतो. असतात ती केवळ वळणे, आणि ती सुईखालून किती त्वरेने सरकतात यावर स्वराची उंची ठरते. प्रमाणपट्टी फाटून गेलेल्या मोजणीच्या नकाशावरून शेताचा आकार कळावा पण क्षेत्र कळू नये, तसा अशा तबकडीवरून राग कळतो, षड्ज कळत नाही. मिनिटाला ७८ फेरे हा दंडक पक्का झाला तो १९२५ नंतर, विद्युत्-ध्वनिमुद्रणाच्या काळात. खाँसाहेबांच्या पहिल्या तबकड्या १९०५ च्या सुमाराच्या, कर्ण्यासमोर गाऊन घेतलेल्या, आणि त्या काळी मुद्रणयंत्राचा वेग ७० ते ८० च्या दरम्यान कोठेही असे. ७२ ला मुद्रित झालेली तबकडी ७८ ला वाजवली की कंपनसंख्या शेकडा आठांहून अधिक वाढते, म्हणजे स्वर अर्ध्या स्वरांतराच्याही पुढे चढतो. लय वाढते ती निराळीच. कानाला खरे खटकते ते मात्र याहून सूक्ष्म आहे. ‘आ’ आणि ‘ई’ यांतला भेद आपण ओळखतो तो मुख व कंठ यांच्या पोकळीतील अनुनादांवरून, आणि तेही त्याच प्रमाणात वर सरकत असल्यामुळे गायकाचा कंठच आखूड झाल्याचा भास होतो. वाचकांच्या कानाची साक्ष विश्वसनीय आहे. त्यांनी वेग कमीजास्त करता येणारे यंत्र मिळवावे आणि ७२ पासून आरंभ करावा.

यंत्राचा वेग तपासण्यासाठी निऑन दिव्याखाली ७७ रेघांचे कागदी चक्र फिरत्या तबकडीवर ठेवावे. आपल्या पन्नास आवर्तनांच्या विजेवर रेघा स्थिर दिसल्या की वेग ७७.९२ (एलईडीखाली हा प्रयोग बहुधा फसतो). परंतु हा दाखला आजच्या यंत्राचा झाला, मुद्रणाचा नव्हे. साथीला पेटी असेल तर तपास पुढे सरकतो, कारण गायकाचा षड्ज तिच्या कोणत्या तरी पट्टीवर असणारच: ७८ ला काळी दोन लागत असेल, तर ७३.६ ला पांढरी दोन लागेल, आणि मधल्या वेगांना बव्हंशी रजा देता येईल. सगळ्या पेट्या एकाच मापाने जुळवलेल्या नसत, एवढा संशय राखून ठेवावा.

वेगाचा हा घोळ कर्ण्याच्या काळापुरताच नाही, म्हणून ‘अस्सल पहिली आवृत्ती’ म्हणून जाझच्या जुन्या तबकड्यांना हल्ली जी किंमत येते, तिच्याकडे मी साशंकतेनेच पाहतो. माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’च्या पहिल्या बाजूवरील तिन्ही रचना २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झाल्या, आणि त्या वेळी मुख्य फीतयंत्र किंचित मंद चालत असल्याने विनाइलवर त्या चढ्या स्वरात उतरल्या. पर्यायी फितीवरून ही चूक दुरुस्त झाली ती १९९० नंतर, म्हणजे शौकीन जिच्यासाठी पैसे मोजतो ती अस्सल तबकडीच बेसूर आहे!

गळ्याचा स्वर आकड्यात पकडण्याचा उद्योग आपल्याकडे ज्यांनी नेटाने केला, त्या सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही. ‘शारदा’ नाटकाचे कर्ते गोविंद बल्लाळ यांचे हे बंधू. मुलकी खात्यातून डेप्युटी कलेक्टरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या या गृहस्थाने, दफ्तर आवरून स्वस्थ बसण्याऐवजी, तारेच्या लांबीची मोजमापे घेत बावीस श्रुतींचा हिशेब मांडला, साक्षात अब्दुल करीम खाँसाहेबांना साक्षीला घेतले, आणि १९१० साली तो इंग्रजी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. पुढे क्लेमंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाच्या सहकार्याने त्यांनी सिद्ध केलेली श्रुतींची पेटी १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत मांडली गेली, पण जाणत्यांनी ती मानली नाही. तो फैसला मला गैर वाटत नाही, कारण श्रुती पट्टीला खिळून राहात नाही. परंतु गळ्याची मोजणी करता येते हा देवलांचा मुद्दा पेटीच्या वादात नाहक बुडाला. त्यांची तार मुद्रणाच्या कर्ण्याशेजारी ताणली गेली असती आणि षड्जाचा आकडा लेबलावर छापला गेला असता, तर संग्राहकांच्या निम्म्या भांडणांचा निकाल पहिल्याच तारखेस लागता.