भिंत कुणाची, ब्रश कुणाचा

अलोऱ्यात भिंत रंगवायची म्हटली की पहिला प्रश्न रंगाचा नसतो, पावसाचा असतो. चिपळूण तालुक्यातलं, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याकडचं हे गाव. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जूनपासून चार महिने इथल्या भिंती पाणी पितात आणि दिवाळी उलटली तरी जांभ्याच्या चिऱ्यातली ओल पुरती उतरलेली नसते. वरून कोरडी दिसते म्हणून घाईनं रंग मारला, तर आतली ओल बाहेर पडताना रंगाला फुगे आणते, मग पोपडे सुटतात. त्यामुळे भिंतीच्या दृष्टीनं चांगले दिवस डिसेंबर ते फेब्रुवारी.

माणसांचे चांगले दिवस मात्र वेगळे. चाकरमानी येणार शिमग्याला, नाहीतर मे महिन्यात. शाळेची मुलं मोकळी होणार तीही मेमध्येच. आणि मेमध्ये भिंत इतकी तापते की रोलर पुढे सरकेपर्यंत मागचा रंग सुकून पट्टे दिसायला लागतात. गावानं मिळून मोठं चित्र काढायचं तर खरी कसरत ही आहे. यावर तोड एकच: घासणं, भेगा भरणं, अस्तर आणि पायाचा रंग हे थंडीत उरकून घ्यायचं; चित्र भरायचं काम माणसं येतील तेव्हा, सकाळी ऊन चढायच्या आत आणि संध्याकाळी.

पाण्याच्या वेळापत्रकाशी जुळवून घेत काढलेलं जगातलं एक गाजलेलं भित्तिचित्र लॉस एंजेलिसमध्ये आहे. तिथे पूर नियंत्रणासाठी बांधलेल्या तुहुंगा वॉश नावाच्या काँक्रीटच्या कालव्यात ज्युडिथ बाका या चित्रकर्तीनं 1976 साली काम सुरू केलं. हिवाळी पावसात कालवा वाहतो, म्हणून काम फक्त उन्हाळ्यात. पहिल्या उन्हाळ्यात 80 किशोरवयीन मुलं होती, त्यातली बरीचशी पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यात सापडलेली. सोबत काही चित्रकार आणि इतिहासकार. त्यांनी एक हजार फूट भिंत रंगवली. पुढे आणखी उन्हाळे गेले, चारशेहून जास्त मुलं आणि कुटुंबं हात लावून गेली आणि चित्राची लांबी अर्धा मैल झाली. विषय कॅलिफोर्नियाचा इतिहास, पण पाठ्यपुस्तकातून गळालेल्यांचा: मूळ रहिवासी, स्थलांतरित, मजूर.

अलोऱ्याला असा विषय शोधायला लांब जावं लागणार नाही. कोयना प्रकल्पाची वसाहत याच गावात झाली. घाटावरचं कोयनेचं पाणी बोगद्यांतून सह्याद्री ओलांडून इकडे येतं, वीज करून वाशिष्ठीला मिळतं. कोळकेवाडी धरणाच्या पायथ्याचा तिसरा टप्पा 320 मेगावॉटचा. 11 डिसेंबर 1967 चा भूकंप, 13 मार्च 1999 चं लेक टॅपिंग (जलाशयाचा तळ पाण्याखालूनच फोडून बोगद्याला जोडणं), बोगदे खणणारे मजूर: एवढा ऐवज एखाद्या लांबलचक भिंतीला पुरून उरेल. देवदेवता आणि पुढारी यांच्यावरून होणारी खेचाखेचही त्यामुळे टळते, हा वरचा फायदा.

ही खेचाखेच काल्पनिक नाही. 2009 मध्ये मुंबई महापालिकेनं माहीम-दादर पट्ट्यात तुळशी पाइप रोडलगतची रेल्वेची भिंत ‘द वॉल प्रोजेक्ट’च्या पुढाकारानं सामान्य लोकांना रंगवायला दिली, तेव्हा अट होती की धर्म, राजकारण आणि जाहिरात नको. शेकडो जण ब्रश घेऊन आले. प्रत्येकाला आपापला तुकडा मिळाल्यानं ती भिंत एकसंध चित्र न होता गर्दीसारखी झाली, आणि मुंबईच्या भिंतीला ते शोभलंही.

आठ वर्षांनी, डिसेंबर 2017 मध्ये, घाटकोपरजवळच्या असल्फा टेकडीवर वेगळा प्रयोग झाला. देदीप्या रेड्डी यांनी सुरू केलेल्या ‘चल रंग दे’ या उपक्रमात सुमारे साडेसातशे स्वयंसेवकांनी 175 भिंती रंगवल्या. गुलाबी, पिवळा, निळा. वर्सोवा-घाटकोपर मेट्रोच्या डब्यातून ही टेकडी समोर दिसते, आणि फोटो देशभर गेले. रहिवाशांनीही ब्रश धरले. तरी एक प्रश्न तेव्हाच विचारला गेला: नळाला पाणी आणि संडास यांचं काय? प्रश्न रास्तच आहे. पण त्याचं उत्तर रंगाच्या डब्याकडून मागणं फारसं बरोबर नाही. विचारायचंच तर हे विचारावं की चित्र नेमकं कुणाच्या नजरेसाठी काढलं, दारात बसणाऱ्यांच्या की मेट्रोतून जाणाऱ्यांच्या? मेक्सिकोत पाचुका शहरातल्या पाल्मितास वस्तीत 2015 साली 209 घरांच्या भिंती मिळून एकच प्रचंड चित्र झालं. ते पुरतं दिसतं लांबूनच. घरासमोर उभ्या माणसाला त्यातला एखादा पट्टाच दिसतो.

आपल्याकडे याच्या नेमकी उलट परंपरा आहे. डहाणू-तलासरीच्या वारली घरांत लग्नाचा चौक सवाष्णी मिळून लिहितात. गेरू किंवा शेणमातीनं सारवलेली घरातली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, टोक चावून ब्रशासारखी केलेली बांबूची काडी. मधोमध पालघट देवी, आणि लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी चालू. पाहणारे तेच, ज्यांचं लग्न. चित्र टिकावं असा आग्रहच नाही. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात पोचले, गंजाडचे जिव्या सोमा मशे कागदावर चित्रं काढू लागले आणि बायकांची ही कला पुरुषांच्या हातानं जगभर गेली. मशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. आज कुठल्याही गावात भिंत रंगवायची ठरली की कुणीतरी ‘वारली काढूया’ म्हणतंच. काढावी, पण निदान वारली चित्रकाराला बोलावून, त्याचे पैसे देऊन.

पैशाचा विषय निघालाच आहे. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांच्या ‘बोलक्या भिंती’ लोकवर्गणीतून रंगल्या आहेत. वर्गणी रंगाला सहज मिळते, पेंटरच्या मजुरीला मिळत नाही. श्रमदान गावाचं असतं; बोर्ड लिहून पोट भरणाऱ्या पेंटरनं फुकट राबावं ही अपेक्षा चुकीची. उलट सगळ्या कामाचा कणा तोच असतो.

कारण न शिकलेल्या पन्नास हातांकडून एक चित्र काढून घेणं ही वाटणीची कला आहे. समजा भिंत तीस फूट रुंद, वीस फूट उंच. चित्र आधी तीस इंच बाय वीस इंच कागदावर काढायचं, इंचाइंचाच्या चौकटी आखायच्या. मग भिंतीवर फूटभराच्या चौकटी. त्यासाठी सुताराचीच युक्ती: कावेत बुडवलेली दोरी दोन टोकांना ताणून धरायची आणि मध्ये चिमटीनं ओढून सोडायची. तांबडी सरळ रेघ उमटते. उभ्या ओळींना आकडे, आडव्यांना अक्षरं. कागदावर ‘क 7’ मध्ये पक्ष्याची चोच असेल, तर भिंतीवरही ती ‘क 7’ मध्येच. अशा सहाशे चौकटी. अंधार पडल्यावर प्रोजेक्टर लावूनही आकृती उतरवता येते, पण दोरीच्या रेघेला वीज लागत नाही आणि पोरांना त्यात मजा येते.

बाह्यरेषा पेंटरनं काढल्या की प्रत्येक भागात खडूनं रंगाचा क्रमांक लिहायचा. तोच क्रमांक डब्यावर. मग आजीनं तीन नंबर भरला काय आणि सहावीतल्या मुलानं भरला काय, सारखंच. एक छटा एकदाच, पुरेशी कालवून ठेवायची. दुसऱ्यांदा कालवलेली जुळत नाही. बाहेरच्या भिंतीच्या ॲक्रिलिक इमल्शनचे दोन हात द्यायचे तर लिटरला साधारण पन्नास-साठ चौरस फूट होतात, म्हणजे या भिंतीच्या पायाच्या रंगालाच दहा-बारा लिटर. परांचीवर उत्साही मंडळी नकोत, सवयीचे लोकच हवेत. शेवटची गडद रेघ पुन्हा पेंटरची. बाहेर गेलेले सगळे काठ ती झाकते.

आणि हे सगळं करण्याआधी कागद. 1995 च्या महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्यामुळे चित्र कितीही सुंदर असलं तरी परवानगीशिवाय रंगवलेली भिंत अडचणीत आणू शकते. भिंत ग्रामपंचायतीची, शाळेची, प्रकल्पाची की खासगी, हे पाहून लेखी परवानगी घ्यावी. त्याच कागदावर आणखी दोन ओळी लिहून घेतलेल्या बऱ्या: पाच वर्षांनी कुणी सिमेंटची जाहिरात रंगवायला आलं तर नाही कुणी म्हणायचं, आणि दर पावसाळ्यानंतर खालच्या दोन फुटांवरचं शेवाळ कुणी घासायचं. लॉस एंजेलिसच्या त्या चित्रालाही 2011 मध्ये डागडुजी करावी लागली होती, आणि तिथे कोकणाइतका पाऊस नाही.