पडदा पाहा, पण त्यावर फिरणारा हातही पाहा

दंतवैद्यांच्या खुर्चीशेजारचा पडदा आता मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावीही नवलाचा राहिलेला नाही. दाताचा एक्स-रे त्यावर क्षणात उमटतो आणि कीड कुठवर गेली आहे, हे रुग्णाला स्वतः पाहता येते. सोय उत्तम आहे. पण मोठा पडदा म्हणजे उत्तम उपचार, हा समज मात्र मला मान्य नाही.

दात कोरताना पाणी, लाळ व रक्ताचे सूक्ष्म तुषार उडून भोवतालच्या वस्तूंवर बसतात. त्याहून अधिक काळजी हाताची वाटते. मोजा घातलेला हात तोंडातून निघून पडद्यावर किंवा माउसवर जातो आणि तसाच पुन्हा तोंडात येतो. स्टॅफिलोकोकस ऑरियससारखे जंतू कोरड्या पृष्ठभागावर कित्येक आठवडे, कधी काही महिनेही तग धरतात. मधुमेही वृद्ध किंवा कर्करोगाचे उपचार घेणारे रुग्ण यांच्यासाठी ही किरकोळ बाब नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे जे ५ प्रसंग सांगितले आहेत, त्यांतील एक रुग्णाभोवतीच्या वस्तूंना स्पर्श केल्यानंतरचा आहे.

पडदा सपाट व फटी नसलेला असावा. घरगुती टीव्हीच्या मागच्या जाळीत धूळ साचते. ती पुसताही येत नाही. ‘आयपी ६५’ या खुणेतील ६ म्हणजे धूळ आत जात नाही आणि ५ म्हणजे पाण्याची धार सोसते. काही पडद्यांना हे संरक्षण केवळ दर्शनी बाजूस असते. साधा पडदा असला तरी बिघडत नाही. त्यावर प्लास्टिकचे आवरण घालून ते प्रत्येक रुग्णामागे बदलावे. जंतुनाशक पडद्यावर न फवारता कापडावर घ्यावे आणि बाटलीवर लिहिलेल्या वेळेपर्यंत पृष्ठभाग ओला राहू द्यावा. एकच कोरडे फडके दिवसभर फिरवणे म्हणजे जंतू पसरवणेच!

“डॉक्टरसाहेब, आवरण बदलले आहे ना?” असे आपण निःसंकोच विचारावे. या प्रश्नाने रागावणाऱ्या डॉक्टरांकडे दुसऱ्यांदा जाण्यापूर्वी विचार करावा.

आपल्याकडूनही थोडी दक्षता हवी. चित्रातला दात दाखवताना पडद्याला बोट टेकवू नये. आजी-आजोबांची कवळी काढावी लागली, तर ती कळफलकाशेजारी न ठेवता घरून नेलेल्या झाकणाच्या डबीत ठेवावी.