बाई वर्गात का चिडतात?

वस्तीत रक्तदाब तपासायला बसले होते. रांगेत शाळेतल्या एक बाई आल्या. रक्तदाब वाढलेला, झोप नाही. म्हणाल्या, “ताई, पूर्वी मी मुलांवर ओरडत नव्हते. आता रोज ओरडते आणि रात्री तेच आठवत राहतं.”

दिवसभर वर्ग, मधल्या वेळेत ऑनलाइन माहिती भरायची, सुटीच्या दिवशी बीएलओ म्हणून मतदारयादी घेऊन दारोदार. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नका म्हणते. पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक वगळून! तिथेच सगळे अडते.

अशा थकव्याला ‘बर्नआउट’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार मानत नाही, कामाच्या न संपणाऱ्या ताणातून आलेली अवस्था मानते. अंगातले बळ संपते, कामावरून मन उडते, हातून काही नीट होत नाही. मग धडा फक्त उरकला जातो आणि मागे पडलेले मूल मागेच राहते. शिकवणी लावायची ऐपत नसलेल्या घरातले, म्हणजे बहुतेक आपलेच.

मुलाला मारले तर तक्रार करा. थकवा ही सबब नाही. पण शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. बाई किती दिवस वर्गाबाहेर होत्या, हेही तिथे विचारा.

दोन आठवडे मन उदास असेल, झोप उडाली असेल तर १४४१६ वर फोन करा. ही सरकारची ‘टेलिमानस’ सेवा. मोफत, चोवीस तास, मराठीतही.

बाईंनी तिथेच नंबर लावला. मी रांग जरा लांब सरकवली.