बास्केटबॉलपटू, व्यावसायिक : वेतन व प्रशिक्षणदायित्व

उपजीविकेसाठी बास्केटबॉल खेळणाऱ्या खेळाडूस संघाकडून मिळणारा मोबदला आणि त्याच करारान्वये शाळा, वस्त्या व युवककेंद्रे ह्यांतील मुलांना खेळ शिकविण्याची किंवा त्यांच्यात मिसळण्याची त्याच्यावर येणारी जबाबदारी, ह्या दोन बाबींचा येथे एकत्रित विचार केला आहे. वरवर पाहता त्या भिन्न वाटल्या, तरी बहुधा एकाच करारपत्रात त्या अंतर्भूत असतात. जेथे सामन्यांचे वेतन विपुल असते, तेथे मुलांचे प्रशिक्षण हे संघाच्या प्रसिद्धिकार्याचा भाग बनते. जेथे ते तुटपुंजे असते, तेथे प्रशिक्षण हाच खेळाडूच्या वेतनाचा आधार ठरतो. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व ग्रेट ब्रिटन ह्या देशांत ही दोन्ही रूपे स्पष्टपणे पाहावयास मिळतात.

पूर्वपीठिका : बास्केटबॉलचा उगम शिक्षणकार्यातूनच झाला. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅचूसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे वाय्‌एम्‌सीएच्या प्रशिक्षणशाळेत जेम्स नेस्मिथ (१८६१–१९३९) ह्या शिक्षकाने हिवाळ्यात बंदिस्त जागी खेळता येईल असा हा खेळ तयार केला. तेथून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी तो संस्थेच्या देशोदेशींच्या शाखांत नेला. शिकविणारा पगारी असला, तरी खेळणारा हौशी असावा, अशी संस्थेची धारणा होती. न्यू जर्सी राज्यातील ट्रेंटन येथील काही खेळाडू वाय्‌एम्‌सीएपासून दुरावले आणि १८९६ मध्ये त्यांनी एक सभागृह भाड्याने घेऊन प्रवेशशुल्क आकारून सामना भरविला. खर्च वजा जाता प्रत्येकाच्या वाट्यास सु. १५ डॉलर आले, असे परंपरेने सांगितले जाते. हाच सामान्यतः पहिला व्यावसायिक सामना मानण्यात येतो. अशा रीतीने शिकविणे संस्थेकडे राहिले आणि कमाई सभागृहाकडे गेली. पुढे व्यावसायिक संघांच्या करारपत्रांनी ह्या दोहोंची पुन्हा सांगड घातली.

अमेरिकेतील वेतनाचा विकास : ६ जून १९४६ रोजी मोठ्या शहरांतील प्रेक्षागारांच्या मालकांनी बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका ही संघटना स्थापन केली. पहिल्या हंगामात एका संघाच्या एकूण वेतनावर ५५,००० डॉलरची मर्यादा होती व बहुतेक खेळाडूंना चार ते पाच हजार डॉलर मिळत. त्या हंगामातील सर्वाधिक वेतन, म्हणजे १६,५०० डॉलर, डिट्रॉइट संघाच्या टॉम किंग ह्यास मिळाले. परंतु खेळण्याखेरीज प्रसिद्धी व व्यवस्थापन ही कामेही तो पाहत असे. ही वेतनमर्यादा एका हंगामानंतर सोडून देण्यात आली. १९४९ मध्ये ही संघटना व नॅशनल बास्केटबॉल लीग ह्यांचे विलीनीकरण होऊन ‘नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन’ (एन्‌बीए) अस्तित्वात आली. त्या काळी हंगाम संपल्यावर खेळाडूंना दुसरी नोकरी शोधावी लागे. मुलांची उन्हाळी प्रशिक्षण-शिबिरे चालविणे हे अनेकांच्या उपजीविकेचे एक साधन होते.

बॉस्टन संघाचा खेळाडू बॉब कूझी ह्याच्या पुढाकाराने १९५४ मध्ये खेळाडूंची संघटना स्थापन झाली. जानेवारी १९६४ मध्ये बॉस्टन येथील तारांकित सामन्याचे दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपण व्हावयाचे होते. निवृत्तिवेतनाचे आश्वासन मिळेपर्यंत मैदानात उतरण्यास खेळाडूंनी ऐन वेळी नकार दिला आणि ते आश्वासन पदरात पाडून घेतले. एका संघाशी खेळाडूस कायम जखडून ठेवणाऱ्या पद्धतीविरुद्ध ऑस्कर रॉबर्ट्‌सन ह्याने संघटनेच्या वतीने १९७० मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला. १९७६ मधील तडजोडीने खेळाडूस संघ बदलण्याचे स्वातंत्र्य मिळू लागले व त्याबरोबर वेतनेही चढत गेली.

सध्याच्या वेतनपद्धतीचा पाया १९८३ च्या करारात आहे. लीगच्या उत्पन्नातील ५३ टक्के वाटा खेळाडूंना देण्याचे त्यात ठरले आणि त्या बदल्यात वेतनमर्यादा पुन्हा लागू झाली. १९८४-८५ च्या हंगामात ती प्रत्येक संघास ३६ लाख डॉलर होती. २०२५-२६ मध्ये ती सु. १५ कोटी ४६ लाख डॉलरवर पोहोचली. ह्या वाढीचे मुख्य कारण दूरचित्रवाणीचे प्रसारणहक्क हे होय. मालक व खेळाडू ह्यांतील वाटणीच्या वादातून १९९८ व २०११ मध्ये टाळेबंदी झाली आणि नेहमीच्या ८२ सामन्यांऐवजी संघांना अनुक्रमे ५० व ६६ सामनेच खेळता आले. २०११ च्या करारान्वये खेळाडूंचा वाटा ५७ टक्क्यांवरून ४९ ते ५१ टक्क्यांच्या दरम्यान आला. खेळाडूचे कमाल वेतन त्याच्या सेवाकालानुसार मर्यादेच्या २५, ३० किंवा ३५ टक्के ठरते. वेतनातील काही भाग हंगामअखेरपर्यंत राखून ठेवतात. खेळाडूंचा एकूण वाटा ठरलेल्या प्रमाणाबाहेर गेल्यास तो मालकांकडे वळविला जातो.

करारातील दायित्व : एन्‌बीएच्या नमुना-करारानुसार वृत्तपत्रांशी सहकार्य करणे व संघाच्या वाजवी प्रसिद्धिकार्यात भाग घेणे खेळाडूस बंधनकारक आहे. सामूहिक करारात ह्याचे प्रमाणही घालून दिलेले असून, वर्षाला सात वैयक्तिक व पाच सांघिक उपस्थिती संघ वा लीग मागू शकते. शाळाभेट, रुग्णालयभेट, मैदानाचे उद्‌घाटन, मुलांचे शिबिर, तसेच पुरस्कर्त्यांचा समारंभ हे सर्व ह्यात मोडते. करार मागतो ती उपस्थिती होय. सातत्याने शिकविणे नव्हे. प्रख्यात खेळाडू तासभर मुलांसोबत चेंडू खेळतो व निघून जातो. त्यानंतरचे दैनंदिन शिक्षण अल्प मोबदल्यावर काम करणारे स्थानिक प्रशिक्षकच करतात.

लीगने ह्या कार्यास निरनिराळ्या काळी संघटित स्वरूप दिले. समाजसेवेसाठीचा जे. वॉल्टर केनेडी नागरिकत्व पुरस्कार १९७४-७५ पासून दिला जातो. २००१ मध्ये विविध देशांतील तरुण खेळाडूंसाठी ‘बास्केटबॉल विदाउट बॉर्डर्स’ ही शिबिरे सुरू झाली. ऑक्टोबर २००५ मध्ये ‘एन्‌बीए केअर्स’ हा उपक्रम निघाला. त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर २००४ मध्ये डिट्रॉइटजवळील एका सामन्यात खेळाडू व प्रेक्षक ह्यांच्यात मारामारी होऊन लीगच्या प्रतिमेस तडा गेला होता. त्यामुळे ह्या उपक्रमामागील हेतूंत सेवा किती व प्रतिमासंवर्धन किती, ह्याविषयी मतभेद आहेत. अनेक खेळाडू मात्र कराराबाहेर, स्वतःच्या न्यासांमार्फत, फार मोठे कार्य करतात. लब्रॉन जेम्स ह्याच्या प्रतिष्ठानाच्या साहाय्याने ओहायओ राज्यातील ॲक्रन येथे २०१८ मध्ये सुरू झालेली सार्वजनिक शाळा हे त्याचे ठळक उदाहरण होय.

महिला खेळाडू : महिलांची डब्ल्यूएन्‌बीए ही लीग १९९६ मध्ये स्थापन होऊन १९९७ पासून सामने सुरू झाले. २०२० च्या करारानुसार तेथील एका संघाची वेतनमर्यादा १३ लाख व खेळाडूचे कमाल मूळ वेतन २,१५,००० डॉलर ठरले. त्यामुळे अनेक खेळाडूंनी उर्वरित वर्षात परदेशी संघांची वाट धरली. डायाना टॉरासी हिने तर २०१५ चा अमेरिकन हंगाम रशियन संघाच्या विनंतीवरून सोडून दिला. तो संघ तिला मायदेशातील वेतनाच्या कित्येक पटींनी मोबदला देत होता.

शिकविण्याच्या श्रमाचे मोल काय, हा प्रश्न क्रिस्टी टॉलिव्हर हिच्या उदाहरणाने ऐरणीवर आला. वॉशिंग्टनच्या महिला संघाची ही खेळाडू २०१८-१९ मध्ये त्याच शहराच्या पुरुष संघाची साहाय्यक प्रशिक्षक झाली. दोन्ही संघांचे मालक एकच असल्याने तिचा मोबदला महिला संघाने खेळाडूंना बिगरहंगामी कामासाठी द्यावयाच्या ५०,००० डॉलरच्या मर्यादेत बसवावा लागला. त्यातील बराच भाग आधीच दुसऱ्या खेळाडूस देऊ केलेला असल्याने तिला संपूर्ण हंगामाचे केवळ १०,००० डॉलर मिळाले. सहकारी प्रशिक्षकांच्या तुलनेत ही रक्कम नगण्य होती. प्रशिक्षण हे स्वतंत्र काम न मानता खेळाडूच्या वेतनाचे शेपूट मानल्यास काय घडते, हे त्यावरून दिसून आले. २०२० च्या करारात बिगरहंगामी कामाच्या व प्रशिक्षकपदाच्या संधी वाढविण्याचे मान्य करण्यात आले. तथापि उत्पन्नातील वाट्याबाबत असंतोष राहिल्याने खेळाडूंच्या संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये तो करार मुदतीपूर्वी संपविण्याचा हक्क बजावला.

ब्रिटनमधील पद्धती : ब्रिटनमध्ये फुटबॉल व क्रिकेट ह्यांच्यापुढे बास्केटबॉलला प्रसारणाचे उत्पन्न फारसे मिळत नाही. १९८७ मध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश बास्केटबॉल लीगमधील संघांनी म्हणून स्थानिक शाळा व विद्यापीठे ह्यांच्याशी संबंध जोडले. खेळाडूचा मोबदला अनेकदा रोख वेतन, निवास व क्वचित वाहन ह्यांत विभागलेला असे. काहींना विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी शिष्यवृत्तीही मिळे. त्या बदल्यात सामने व सराव ह्यांखेरीज शाळांतून शिकविण्याचे तास ठरविले जात. न्यूकॅसल ईगल्स ह्या संघाचे प्रतिष्ठान शाळाशाळांतून असे कार्य करते. ह्या संघाने २०१९ मध्ये उघडलेले प्रेक्षागार व्यावसायिक सामन्यांबरोबरच स्थानिक मुलांच्या खेळासाठीही वापरले जाते. ह्या लीगचा परवाना २०२४ मध्ये आर्थिक अडचणींमुळे रद्द झाला व तिची जागा सुपर लीग बास्केटबॉल ह्या नव्या स्पर्धेने घेतली.

ह्या पद्धतीचे गुणदोष दोन्ही बाजूंनी दिसतात. मुलांना रोजच्या परिचयाचा आदर्श लाभतो, संघाला भावी खेळाडू व प्रेक्षक मिळतात आणि खेळाडूस निवृत्तीनंतरच्या व्यवसायाचे शिक्षण आयते मिळते. उलटपक्षी, सकाळचा सराव, दुपारची शाळा व सायंकाळचे कुमारवर्ग ह्यांमुळे विश्रांतीस वेळ उरत नाही. उत्तम खेळाडू हा उत्तम शिक्षक असतोच असे नाही. त्यासाठी प्रशिक्षकाची अर्हता लागते; तसेच मुलांच्या सुरक्षिततेसाठी पूर्ववृत्ताची तपासणीही करावी लागते. पुष्कळ करार एकाच हंगामाचे असल्याने मुलांचा शिक्षक दरवर्षी बदलतो, हा ह्यातील सर्वांत मोठा दोष होय.

भारत : भारतात बास्केटबॉलचा प्रसार प्रामुख्याने वाय्‌एम्‌सीएने केला. तिचे मद्रास येथील शारीरिक शिक्षण महाविद्यालय १९२० मध्ये निघाले. २०१५ मध्ये सुरू झालेली यूबीए ही व्यावसायिक लीग थोड्याच हंगामांत थांबली. प्रमुख खेळाडू बहुधा रेल्वे, सेनादले, बँका किंवा सार्वजनिक उपक्रम ह्यांच्या नोकरीत असतात. त्यांचे वेतन नोकरीचे असते, खेळाचे नव्हे. रिलायन्स फाउंडेशनच्या सहकार्याने एन्‌बीएने २०१३ पासून भारतीय शाळांत प्रशिक्षण सुरू केले. ४ व ५ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबईत इंडियाना व सॅक्रमेंटो ह्या संघांचे सामने झाले. त्यांतील पहिला सामना मुख्यतः ह्या उपक्रमातील मुलांसाठी राखून ठेवला होता. मुंबईतीलच नागपाडा भागात मात्र कोणत्याही कराराविना एक परंपरा निर्माण झाली होती. क्लिफर्ड मॅन्शार्ट ह्यांनी तेथे उभारलेल्या नागपाडा नेबरहुड हाउसच्या परिसरात हा खेळ रुजला आणि वस्तीतील मुलांना तो शिकविणारे बच्चू खान ह्यांचे नाव तेथील महापालिकेच्या क्रीडांगणास देण्यात आले. ह्या क्रीडांगणाच्या परिसराने देशाला अनेक राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय खेळाडू दिले.

ह्या सर्व उदाहरणांवरून असे दिसते, की मुलांना शिकविण्याचे दायित्व केवळ करारात लिहिल्याने पार पडत नाही. त्या कामाचे तास, त्याची अर्हता व त्याचा मोबदला खेळाच्या वेतनाहून स्वतंत्रपणे निश्चित केल्यास खेळाडूवर अन्याय होत नाही; आणि शिक्षकाचे सातत्य राखल्यास मुलांनाही त्याचा खरा लाभ होतो.