विमानांचा वानप्रस्थाश्रम
केस पिकल्यावर व नातवंडांचें मुख पाहिल्यावर गृहस्थानें वनाची वाट धरावी, असें आपलीं शास्त्रें सांगतात. मनुष्यांत हा नियम आतां फारसा कोणी पाळीत नाहीं. परंतु चार प्रचंड विमानांनीं मात्र तो अक्षरशः पाळला!

'मार्स' नांवाचीं हीं जलविमानें अमेरिकेंतील मार्टिन कंपनीनें आरमारासाठीं बांधिलीं. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत २०० फूट, एंजिनें चार, आणि उतरावयाचें तें पाण्यावर. प्रशांत महासागरावरून माल व माणसें वाहून झाल्यावर १९५९ सालीं तीं मोडींत निघालीं.

त्या वेळीं कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत लांकडाचा धंदा करणाऱ्या कंपन्या वणव्यांनीं हवालदिल झाल्या होत्या. लहान विमानानें शिंपडलेलें पाणी घनदाट झाडींतून खालीं पोंचण्यापूर्वींच वाफ होऊन जाई. तेव्हां डॅन मॅकआयव्हर या वैमानिकानें मोठ्या विमानांचा आग्रह धरला, आणि कंपन्यांनीं एकत्र येऊन चारहि 'मार्स' विकत घेतलीं.

यांची पाणी भरण्याची रीत मोठी कौतुकाची. विमान सरोवराच्या पृष्ठावरून वेगानें घसरत जातें, आणि त्या वेगाच्याच जोरानें पाणी पोटांतील टाक्यांत चढतें. अर्ध्या मिनिटांत सुमारें २७,००० लिटर! थांबावयास नको कीं पंप नको.

परंतु हें काम सुखाचें नव्हतें. जून १९६१ मध्यें 'मारियानास मार्स' वणव्यावर काम करीत असतां कोसळलें व त्यांतील चौघेहि मृत्युमुखीं पडले. पुढल्याच वर्षीं 'कॅरोलाइन मार्स' किनाऱ्यावर उभें असतां वादळांत सांपडून नष्ट झालें. दोन वर्षांत निम्मा ताफा गेला! दुसरा कोणी असता तर हा नाद सोडता. यांनीं उरलेलीं दोन विमानें सज्ज केलीं, आणि त्यांनीं पुढें कित्येक दशकें अरण्याची राखण केली. 'हवाई मार्स' तर २०१५ सालींहि वणव्यावर गेलें होतें.

तथापि एक गोष्ट विसरतां कामा नये. विमान ज्वाळांचा जोर मोडतें. वणवा समूळ विझवीत नाहीं. मुळाशीं धुमसणारी आग कुदळ-फावडें घेतलेल्या माणसांनींच उकरून शांत करावयाची असते. आकाशांतील साहाय्यानें त्यांस मिळतो तो अवधि. पण वणव्याच्या तोंडीं सांपडलेल्या गांवाला त्या अवधीचें मोल कोण सांगणार?

२०२४ सालीं 'हवाई मार्स' ब्रिटिश कोलंबियांतील व २०२५ सालीं 'फिलिपाइन मार्स' अमेरिकेंतील ॲरिझोना प्रांतांतील संग्रहालयाकडे रवाना झालें. मोडीच्या भावानें गेलेल्या वस्तूंचा असा सन्मान क्वचितच होतो.